वीस पुड्या

दोनशे पन्नास मायक्रोग्रॅमची एक पुडी, अशा वीस. म्हणजे एकूण पाच मिलिग्रॅम. कागद हातात घेईपर्यंत ताईंनी मनात आकडा मांडूनही टाकला होता. कागदावर मात्र पन्नास लिहिलं होतं.

त्यांनी पुन्हा बघितलं. पन्नासच. हजाराने भागायचं ते हिशोब करणाऱ्या नव्या पोरीने शंभराने भागलं होतं. चार वर्षांच्या मुलीचं हृदयाचं औषध, आणि तेही दहापट!

दवाखान्याच्या या औषधं बनवायच्या खोलीत ताईंची सोळा वर्षं गेली होती. पोर आली आठ महिन्यांपूर्वी. ग्रॅमचे मिलिग्रॅम, मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम ती बोलता बोलता करायची, म्हणून सगळे तिला झटपट म्हणत. ताईंचं सोळा वर्षांत कुणी साधं कौतुक केलं नव्हतं. पुढच्या महिन्यात साहेब निवृत्त होणार आणि त्यांची खुर्ची झटपटला मिळणार, अशी कुजबुज होती. तेव्हापासून ताईंचा नुसता जळफळाट चालला होता.

खोलीचा नियम साधा होता. एकीने हिशोब करायचा, दुसरीने तपासून सही करायची, मग कागद साहेबांकडे. त्यांनी पाहिल्याशिवाय काट्यावर कणही चढत नसे. म्हणजे मुलीला धोका नाही, ताईंनी स्वतःची समजूत घातली. बोलणी बसतील ती हिला. बसू देत की!

"बरोबर आहे ना, ताई?" झटपटने विचारलं. आज ती जरा चाचरत होती.

"तुझं कधी चुकतं का बाई? माझी सही कशाला हवी? ने सरळ साहेबांकडे."

"एकदा नीट बघा ना. प्लीज."

"अगं, बघितलं की. जा आता."

पोर जागची हलेना. मग गेली एकदाची. ताईंनी खल धुवायला घेतला. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. धुतलेलाच खल त्यांनी पुन्हा धुतला.

दहा मिनिटांत साहेबांचं बोलावणं आलं. टेबलावर तोच कागद होता आणि शेजारी झटपट उभी होती, डोळे लाल झालेले. ताईंना आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"यावर तुमची सही नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही पाहिला होता का हा?"

"नाही साहेब. हिने मला दाखवलाच नाही. हुशार माणसांना आमच्यासारख्यांची नजर कशाला हवी?"

झटपटने मान खाली घातली. साहेबांनी कागद फाडून टोपलीत टाकला.

"पुड्यांचा खरा कागद माझ्याकडे आहे. हा चुकीचा मीच हिला लिहायला लावला," ते म्हणाले. "खुर्ची मी हिलाच देत होतो. पण ही ऐकेना. म्हणाली, त्या खुर्चीवर हक्क ताईंचा. त्यांच्या नजरेतून चूक सुटत नाही, हवं तर एकदा बघाच."