हौसाबाईंचं व्याकरण
घशाच्या ऑपरेशनमध्ये हौसाबाईंचा आवाज गेला. आता मनात आलेलं वाक्य गळ्यातलं यंत्र बोलायचं, तेही शुद्ध करून. कोल्हापूरला घरी पोचताच यंत्र म्हणालं, "मी आले आहे."

त्यांचे दृष्टी गेलेले यजमान दत्तोबा खाटेवरून अदबीनं उठले. "या बाई, बसा. आमची मंडळी दवाखान्यात हाय."

हौसाबाईंचे डोळे भरून आले. तिकडच्या बायकांसारखं त्याही जन्मभर 'आलो', 'गेलो'च म्हणत आल्या होत्या. मागून आलेल्या त्यांच्या लेकीनं मोबाइलवरून यंत्राचं शुद्धीकरण बंद केलं.

"आलो बघा मी," तोच परका आवाज म्हणाला.

दत्तोबांनी चाचपडत हौसाबाईंचा हात धरला. "आलीस व्हय गं! त्या बाई बसल्यात, त्यास्नी जरा च्या टाक," ते म्हणाले, पण हात काही सोडला नाही.