नव्या राणीचा पिंजरा

"मारलं हो हिला!" मधमाश्यांच्या पेटीशेजारी 'नवी' मटकन बसली. विकत आणलेली राणीमाशी पेटीच्या तळाशी मरून पडली होती.

"थेट सोडलीस?" आजीने विचारलं.

"हो. म्हटलं, म्हातारी राणी काढलीय, आता हिला घेतील."

"अगं बाई! आल्या आल्या कोण घेतं? आधी पिंजऱ्यात ठेवायची, पिंजऱ्याच्या तोंडाला साखरेचा लगदा लावायचा. माश्या तो कुरतडत आत पोचेपर्यंत जुनीचा वास जातो आणि हिच्या वासाची सवय होते."

"म्हणजे माझंही काही खरं नाही," म्हणत नवी रडता रडता हसली.

परसातल्या त्या पेट्या या घरातल्या आधीच्या बाईच्या. ती तापाचं निमित्त होऊन गेली. नवी लग्न होऊन आली आणि तिने मधाचा धंदा करायचं मनावर घेतलं. मधमाश्या कशाशी खातात तेही तिला ठाऊक नव्हतं, पण आजी शिकवत होती. अडलं होतं ते आधीच्या बाईच्या पोरीपाशी. पहिलीतली ती पोर तिच्याशी बोलेना, तिच्या हातचा घास घेईना. 'नवी' हे नावही तिनेच पाडलेलं. वेणीला आजी, झोपायला आजी.

दुसरी राणी आणली, पिंजऱ्यात ठेवली. त्याच आठवड्यात आजीने घर आवरायला काढलं. गेलेलीच्या साड्या वाटून टाकल्या, फोटो उतरवला.

"आई, तिचा कप तरी असू दे," नवरा म्हणाला.

"काही नको." कपही गेला.

शेजारी नुकतीच राहायला आलेली बाई हे सगळं कुंपणावरून बघत होती. काय दगडाच्या काळजाची सासू आहे, असं तिला वाटलं.

माश्यांनी राणीला घेतलं. पेटीत अंडी दिसली तेव्हा नवीने टाळ्याच पिटल्या. पोर मात्र आजीच्या पदराआडून हलली नाही.

त्या दुपारी आजीने पिशवी भरली.

"आई, माझं काही चुकलं का?" नवी घाबरली.

"तुझं नाही गं. ती मला बिलगते आणि म्हणते, आजी, तुला आईसारखा वास येतो." आजीला हुंदका आवरेना. "मी इथे असेपर्यंत ती तुझ्याकडे कशी येईल?"

पोरीने आकांत केला. रडून रडून दमली आणि शेवटी नवीच्या मांडीवर झोपली. आजीने दारातून ते डोळे भरून पाहिलं, चपला घातल्या आणि निघाली.

फाटकापाशी शेजारणीने गाठलंच. "गेलेल्या सुनेची एक वस्तू ठेवली नाहीत घरात. आता पोटच्या पोराचं घरही सोडून निघालात? कमाल आहे बाई तुमची!"

"तो जावई माझा," आजी म्हणाली. "पोटची होती, ती गेली."