कोरी घरं
हॉटेलमालक मला कौतुकानं भिंतीपाशी घेऊन गेला. तिथं त्यानं हॉटेलासाठी विकत घेतलेली माझी बाराही चित्रं टांगली होती. चाळीस वर्षं मी सोलापुरात चादरीच्या कारखान्यात ग्राफपेपरची चौकोनी घरं रंगवून नक्षी काढली. एक घर चुकलं तर हजार चादरींवरचा मोर लंगडा निघायचा, म्हणून कधी चुकू दिलं नाही. रिटायर झाल्यावर तसल्याच कागदावर अंगणातला कडुलिंब काढायला घेतला. पण आधी प्रत्येक कागद झाडाखाली अंथरला. ज्या घरावर फूल पडेल ते कोरं सोडायचं, बाकीची मी भरायची. फुलं कुठं पडतील ते माझ्या हातात नव्हतं, आणि जन्मात पहिल्यांदा मला त्याचा आनंद वाटला होता. आता चित्रांत एकही कोरं घर दिसेना. “तुमची बरीच घरं भरायची राहिली होती की, मास्तर. वयामुळं होतं असं,” मालक म्हणाला. “आमच्या पेंटरकडून भरून घेतली. आता कसं टापटीप!” माझ्या डोक्यात तिडीक गेली. कडुलिंबाला टापटीप शिकवायला निघाला होता हा! “रंग उरलाय का?” मी विचारलं. शेजारीच उभ्या असलेल्या पेंटरनं हिरव्या रंगाची डबी आणि ब्रश पुढं केला. मी ब्रश बुडवला आणि पहिल्या चित्राखालच्या माझ्या सहीवर फिरवला. मग दुसऱ्याखालच्या, मग तिसऱ्याखालच्या. “अहो, सही कशाला पुसताय?” मालक ओरडला. “एवढीच जागा भरायची राहिली होती की,” चौथ्या चित्राकडं वळत मी म्हणालो, “वयामुळं होतं असं.”