काकांचा सेप्टिक टँक

विहिरींचं पाणी नासू नये म्हणून गावात भुयारी गटार येणार, हे ऐकल्यापासून काकांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. सर्व्हेला आलेल्या इंजिनिअरबाईंनी अंगणात पाऊल टाकलं आणि काकूंनी ओळखलं, झालं यांचं पुराण सुरू!

"ज्यांना हवं त्यांना द्या तुमचं गटार. आमचा टँक मी स्वतः उभा राहून बांधून घेतलाय. उपसायची गाडी आजवर दारात आली नाही. भरतच नाही तो!"

"अरे वा. आणि पाणी?"

"ती काय विहीर, टँकला लागूनच. भर उन्हाळ्यातसुद्धा आटत नाही. अगं, यांना पाणी दे. अशी चव अख्ख्या गावात मिळायची नाही!"

बाईंनी पेला घेतला. विहिरीकडे पाहिलं, टँककडे पाहिलं. "काका, टँक भरत नाही, तर त्यातलं सगळं जातं कुठे?"



काकूंनी बाईंच्या हातातला पेला अलगद काढून घेतला.

"ताई, गटार कुठून न्यायचं ते बघून घ्या. चव कुठून येते ते आम्हाला कळलं."