सवतीचा टाक

रुख्मा ही अर्जुनी गावच्या दुधरामची दुसरी बायको. चालीप्रमाणे त्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोचा चांदीचा टाक, म्हणजे तिची पत्र्यावर ठोकलेली छोटी प्रतिमा, सासूने लग्नातच तिच्या गळ्यात बांधला होता. जेवताना पहिला घास टाकाला दाखवायचा, मग आपण खायचं. रुख्मा रोज घास दाखवी आणि पुटपुटे, "खाय बाई तू आधी. मले तर तुझं उष्टंच."

त्या आषाढात धानाची रोवणी करताना दोरा तुटला आणि टाक बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, चिखलात पडला. बाकीच्या बाया घरी गेल्या, तरी रुख्मा चिखल चाचपतच होती.

"सुटली ना एकदाची तिच्यापासून," बांधावर थांबलेली सासू म्हणाली. "आता कायले शोधून राहिली?"

"सकाळीच भांडली मी तिच्यासंग, आत्याबाई. तशीच रुसून जाऊ देऊ का तिले?"