उरलेली अर्धी भाकरी

"शुभ्राचे कपडे भर आधी. माझी नात ह्या घरात आता पाणीसुदिक पिणार न्हाई!" ठकुबाई ओसरीवरून ओरडल्या. लेक सरोज समोरच उभी होती, पण आवाज कामथडीच्या चार घरांना जावा असा लावलेला होता.

त्या किकवीहून सरोजला आणि तेरा वर्षांच्या नातीला कायमचं न्यायला आल्या होत्या. सोबत धाकटी लेक मिताली होती, सातवा महिना लागलेली. दारात टेम्पो उभा होता. सरोजचा नवरा गोरख म्हशीचं निमित्त काढून गोठ्यात शिरला होता आणि बाहेर यायचं नाव घेत नव्हता. दोन विहिणींच्या मधे उभं राहायला छाती लागते, ती त्याच्याकडे कधीच नव्हती.

ठिणगी भोरच्या दवाखान्यात पडली. शुभ्राच्या मानेवर काळा पट्टा आला होता. सरोजच्या सासूबाई, चंद्राबाई, तो मळ समजून वर्षभर उटण्यानं घासत होत्या. पोरीची मान सोलायचीच बाकी राहिली होती. डॉक्टरांनी पट्टा बघितला, रक्त तपासलं. साखर अगदी काठावर आली होती. मग त्यांनी भलताच प्रश्न विचारला, जन्मली तेव्हा वजन किती होतं?

पावणेदोन किलो, सरोजनं सांगितलं. दिवस पुरे भरले होते.

पोटात असताना लेकराला कमी मिळालं की त्याचं शरीर मिळेल ते साठवून ठेवायला शिकतं, डॉक्टर म्हणाले. जन्मल्यावर त्याच लेकराला ठासून भरवलं की ते सगळं पोटावर चढतं आणि साखर लहान वयातच डोकं वर काढते. "गरोदरपणात तुम्ही नीट जेवत होता ना?"

"माझं ताट सासूबाई वाढायच्या," सरोज म्हणाली.

एवढंच म्हणाली, पण तेवढं पुरलं. संध्याकाळच्या आत ते किकवीला पोचलं. कामथडीला तर ते सांगायचीही गरज नव्हती. सरोज तेव्हा वाळून काडी झाली होती आणि गाव म्हणायचं, चंद्राबाईची सून बघा आणि तिच्या दारातला गुटगुटीत कुत्रा बघा. गावाच्या जिभेला हाड नसतं. चंद्राबाई त्यावर कुणाशी भांडल्या नाहीत. नात अंगानं भरू दे, देवापुढं तिची गुळानं तुला करीन, असा नवस बोलल्या आणि हात सैल सोडला. डिंकाचे लाडू, शिरा, भातावर तुपाची धार. तुला झाली, गावात गूळ वाटून झाला, तरी तो हात थांबला नाही.

"आधी माझी लेक उपाशी ठेवली," ठकुबाईंनी पुन्हा सुरुवात केली, "आन् आता नातीला खाऊ घालून मारायला निघालाय!"

"उचलली जीभ, लावली टाळ्याला!" चंद्राबाई दारातून कडाडल्या. "ताट भरून वाढलंय म्या तिला. भाकरी, कालवण, वर दूध. ताट लख्ख होऊन यायचं. पोर वाळकी का निपजली, ते देवालाच ठावं."

"ऐकलंस का गं सरोज? आता देवाच्या माथी मारत्यात!"

सरोज पिशवीची चेन ओढत होती आणि चेन मधेच अडकली होती.

"आज्जी, मला नाही जायचं," शुभ्रा म्हणाली.

चंद्राबाईंना हेच नको होतं. इतका वेळ त्या तोंडानं भांडत होत्या, पण ही पोर गेली तर त्यांच्या दिवसाला काही अर्थच उरणार नव्हता. तरी त्या म्हणाल्या, "जा बाय. तुला ठिवून घ्यायचं त्वांड मला ऱ्हायलं न्हाई."

तशाच त्या चुलीकडे गेल्या आणि ताट वाढून आणलं. दोन भाकरी, घेवड्याची भाजी, वाटीभर दही. ताट त्यांनी मितालीपुढं आदळलं.

"हे कशाला आता?" ठकुबाई गुरगुरल्या.

"दोन जिवांची बाई माझ्या दारातनं उपाशी जायची न्हाई. भांडाण तुमचं-माझं हाय. हिनं काय माझं घोडं मारलंय?"

मिताली भुकेलीच होती. तिनं मानापमान बघितला नाही, घास मोडला. चंद्राबाई तिला पाणी आणायला वळल्या.

तेवढ्यात ठकुबाई वाकल्या. रोजच्या सवयीनं त्यांनी एक भाकरी ताटातून उचलली, मग दुसरीही मधोमध मोडली. "अर्धी बास तुला," त्या मितालीला म्हणाल्या. ओरडून ओरडून बसलेला आवाज आता मऊ झाला होता. "पोर लहान असलं की बाई सुखानं सुटती. वाढलं की पोट फाडत्यात. तुझ्या ताईला इच्यार, कशी चटक्यासरशी मोकळी झाली."

मितालीनं हात आखडता घेतला आणि सरोजकडे बघितलं. शुभ्रानंही बघितलं. चंद्राबाई पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या होत्या.

सरोजनं पिशवी खाली ठेवली. आईच्या मुठीतून भाकरी काढून घेतली आणि मितालीच्या ताटात परत ठेवली.

"आई, तू सांगितलंस म्हणून माझी उरलेली म्या रोज कुत्र्याला घातली. हिची हिला खाऊ दे."