ट्रिगरवरचं बोट

बाबा आणि बद्रीकाका फौजेत एकाच पलटणीत होते. बाबा शहीद झाले तेव्हा मी दीड वर्षाची होते, आणि त्या चकमकीतून जिवंत परत आले ते एकटे बद्रीकाका. दर वर्षी बाबांच्या स्मृतिदिनाला ते टेंभुर्णीला आमच्या घरी येतात. आई त्यांना टॉवेल-टोपी देते, पाया पडते, आणि ते साऱ्या गावासमोर मला सांगतात, "तुझ्या बापाला सोडून पळालो न्हाई, पोरी. एसएलआर रायफलीच्या ट्रिगरवर बोट दाबलं ते दाबलंच. वीसच्या वीस गोळ्या संपेस्तोवर उचललं न्हाई."

त्याच बोटाला धरून मी लहानपणी राजूरच्या गणपतीला जायचे. त्याच बोटाच्या नादानं मी पोलिसात भरती झाले.

गेल्या महिन्यात ट्रेनिंगमध्ये तीच रायफल हातात आली. उस्ताद म्हणाले, "एक गोळी सुटली की तिच्या गॅसच्या जोरानं दुसरी आपोआप भरली जाते. पण आपोआप सुटत न्हाई. बोट ढिलं करून परत दाबावं लागतं, दर गोळीला."

मी मुद्दाम बोट दाबून धरलं. एकच गोळी सुटली. मंग सगळं गप्प.

यंदाही काकांनी साऱ्या गावासमोर तेच सांगितलं. आईनं पुढं केलेली टोपी मी मधेच धरली आणि विचारलं,



"पहिल्या गोळीनंतर तुम्ही काय केलं, काका?"